तेराव्या ओळीतली सुई

पत्र: मी कोपरखैरण्याला राहते. वय ४३. नोकरी ठाण्याला आहे. सकाळी साडेसातला घर सोडते आणि परत यायला संध्याकाळचे सात वाजतात. वन बीएचकेच्या घरात आम्ही पाच जण आहोत: आम्ही दोघे, सासूबाई, अकरावीतला मुलगा आणि सातवीतली मुलगी. मला गोधड्या शिवायची आवड आहे असे मी सगळ्यांना सांगत असते, पण दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पाच अर्धवट कामे खाली आली तेव्हा माझी मलाच लाज वाटली. पहिले काम म्हणजे माझ्या आईने स्वतःच्या दोन लुगड्यांची शिवायला घेतलेली गोधडी. बारा ओळी घालून झाल्या आणि ती आजारी पडली. तिला जाऊन आता आठ वर्षे होतील. सुई अजून तेराव्या ओळीत तशीच आहे. दुसरे, भाच्याच्या बारशासाठी घेतलेले दुपटे. भाचा आता चौथीत आहे. तिसरी, २०२० च्या टाळेबंदीत सुरू केलेली चौकड्यांची चादर. ६४ पैकी ४१ चौकडे तयार आहेत. चौथी, मुलाच्या लहानपणच्या टी-शर्टांची गोधडी. पाचवे, एका प्रदर्शनात घेतलेले सामान, ज्यात मधे घालायचा पॉलिस्टरचा फुगीर थर आहे. यजमान म्हणतात, देऊन टाक. सासूबाईंनी माहेरी पुष्कळ वाकळा शिवल्या आहेत, पण त्याही म्हणतात की आता विकत छान मिळतात. मला टाकवत नाही आणि पुरेही करता येत नाही. वेळ कुठून काढू?

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही वेळेचे विचारले आहे, म्हणून आधी वेळेचाच हिशेब मांडते, कारण तो तुम्हाला वाटतो तितका भयंकर नाही. आईच्या गोधडीचे माप तुम्ही दिलेले नाही, पण लुगड्यांची गोधडी साधारण पाच फूट रुंद आणि सात फूट लांब होते असे धरू. बोटभर, म्हणजे सुमारे एक इंच अंतराने लांबीच्या दिशेने धावदोरा घातला तर एकूण साठ ओळी होतात. आईने बारा घातल्या आहेत, म्हणजे अठ्ठेचाळीस उरल्या. माझा हात काही फार चपळ नाही. चार थरांतून सात फुटांची एक ओळ घालायला मला पंचवीस मिनिटे लागतात. या वेगाने अठ्ठेचाळीस ओळींना वीस तास लागतील. आठवड्याला पाच ओळी झाल्या, तर दिवाळीनंतर सुरू केलेली गोधडी संक्रांतीच्या सुमारास पूर्ण होते. आठ वर्षे जे काम छातीवर दगडासारखे बसले आहे, ते वीस तासांचे आहे.

मग ते आठ वर्षे का राहिले? तुमच्या पत्रात मला वेळेपेक्षा जागेची अडचण आधी दिसते. गोधडी ही अंगणाची वस्तू आहे. चैत्र-वैशाखात, पावसाच्या आधी, ओटीवर नाहीतर अंगणात लुगडे अंथरायचे, त्यावर जुने कपडे नीट पसरायचे, चारी बाजूंनी टाचून घ्यायचे आणि दोघीतिघींनी कडेने बसून शिवत जायचे, अशी ती पद्धत होती. काम दिवसभर पसरलेले असे. जाता-येता कोणीही बसून दोन ओळी घालून उठे. वन बीएचकेमध्ये रात्री दहाला गोधडी पसरायची, तर आधी मुलाची पुस्तके उचला, टीपॉय सरकवा, सासूबाईंचे अंथरूण थांबवा. आणि एवढे करून शिवायला मिळणार अर्धा तास, की पुन्हा सगळे गुंडाळा. हे कोणाच्याही हातून होणार नाही. तेव्हा तुमच्या आळसाला दोष देणे आधी बंद करा.

पसरण्याचे काम आणि शिवण्याचे काम, ही दोन कामे वेगळी करा. पसरून थर जुळवणे आणि टाचणे हे एकाच दिवसाचे काम आहे आणि त्याला माणसे लागतात; शिवणे हे रोजचे काम आहे आणि त्याला फक्त मांडी लागते. एकदा सगळे थर पक्के टाचले गेले की अख्खी गोधडी पसरायची गरजच उरत नाही. दोन्ही कडांनी गुंडाळी करा, ज्या पट्ट्यात शिवायचे आहे तेवढीच हातभर मोकळी ठेवा, आणि सोफ्याच्या कोपऱ्यात बसून शिवा. टाचणीचा भरवसा धरू नका. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत टाचण्या आणि सेफ्टी पिना एका पावसाळ्यात गंजतात आणि कापडावर तपकिरी ठिपके उमटवतात. वीत-वीत अंतरावर मोठ्या टाक्यांचा कच्चा दोरा घाला; तो नंतर उसवता येतो. आधीच गंजाचे ठिपके पडले असतील, तर लिंबाचा रस आणि मीठ चोळून उन्हात ठेवा, मग तेवढीच जागा साध्या पाण्याने धुवा. आधी एखाद्या कोपऱ्यावर रंग जात नाही ना, ते पाहून घ्या. ब्लीच चुकूनही लावू नका, त्याने गंजाचा डाग अधिकच पक्का होतो.

आता पाचही गाठोड्यांचे काय करायचे ते सांगते. पाचही पूर्ण करा असे मी म्हणणार नाही.

प्रदर्शनातले सामान देऊन टाका. यजमानांचे इतके ऐकायला हरकत नाही. ज्या गावात डिसेंबरातही रात्री पंखा लागतो तिथे पॉलिस्टरचा फुगीर थर घातलेली रजाई पांघरणार कोण? सुती कापडाचे तीन-चार थर आपल्याकडच्या थंडीला आणि एसीच्या गारव्याला पुरतात. सोसायटीत एखादी शिवणकाम शिकणारी मुलगी असेल तर तिला ते द्या आणि पैसे वाया गेल्याचे दुःख त्या पिशवीबरोबरच घराबाहेर जाऊ द्या.

टी-शर्टांची गोधडी हाताने शिवायचा हट्ट सोडा. होजियरीचे कापड ताणते. मागून इस्त्रीने चिकटणारे फ्युजिंग लावल्याशिवाय त्याचा चौकडा चौकोनी राहतच नाही, आणि मग ओळ घालता घालता सगळे एका बाजूला ओढले जाते. हे काम थांबले ते त्यामुळेच असणार. मुलगा अकरावीत आहे, त्याला समोर बसवून विचारा की यातले कोणते पाच-सहा शर्ट त्याला खरोखर हवे आहेत. बहुधा तो तीन सांगेल. तेवढ्यांना फ्युजिंग लावून कोपऱ्यावरच्या फॉल-पिकोवाल्या ताईंकडून मशीनवर टीप मारून घ्या. मशीनची टीप मारली म्हणून आईचे प्रेम कमी होत नाही. बाकीचे शर्ट लादी पुसायला घ्या. चांगले सुती असतात.

चौकड्यांच्या चादरीत तुम्ही ६४ या आकड्यात अडकला आहात. त्या वेळी घरात बसून जो आकडा ठरवला तो आता बदलायला कोणाची परवानगी लागणार आहे? शिवणीचा दाब सोडून तुमचा चौकडा आठ इंचांचा असेल, तर सहा गुणिले सहा असे छत्तीस चौकडे जोडून चार फूट बाय चार फुटांचे पांघरूण होते. सोफ्यावर टाकायला, दुपारी पाय झाकायला ते पुरेसे आहे. उरलेल्या पाचांपैकी चार जोडले की सोळा इंचांच्या उशीचा अभ्रा होतो आणि पाचवा चौकडा सुया खोचून ठेवायच्या गादीला लागतो. म्हणजे तुमचे चौकडे अपुरे नाहीत, जास्तच झाले आहेत.

हे छत्तीस चौकडे आधी एकमेकांना जोडून मग त्याखाली अस्तर घालायचे, असा तुमचा बेत असणार. तो सोडून दुसरी रीत सुचवते. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. त्या अस्तराचे कापड घेतात आणि एका कोपऱ्यापासून कडेकडेने तुकडे ठेवत, त्यांच्या कडा जागच्या जागी दुमडत, थेट अस्तरावरच धावदोरा घालत जातात. एक फेरी झाली की आतली, मग त्याच्या आतली, असे करत मध्यावर येतात. चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी घडीचे ‘फूल’ लावतात. यात जोडणे, टाचणे आणि शिवणे ही तीन कामे एकातच होतात, शेवटी गोट लावायचा राहत नाही, आणि हातातला भाग सोडून बाकीचे कापड मांडीवर गोळा करून ठेवता येते. लहान घरासाठीच जणू ती काढली आहे. अस्तराला मांजरपाट घ्या, पण नवा मांजरपाट आटतो, म्हणून आधी गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच वापरा.

लोकलमध्ये शिवावे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण विचार मनात आला असेल. ट्रान्सहार्बरच्या गाडीत सकाळी बसायला मिळेलच याची खात्री नाही आणि गर्दीत सुई काढणे शेजारणीच्या डोळ्याला धोक्याचे आहे. शिवाय दिवसभरात तुमच्या एकटीची अशी तेवढीच वीस मिनिटे असतील. ती रिकामी राहू द्या.

दुपट्यापासून सुरुवात करा. तीन फूट बाय तीन फुटांचे, म्हणजे बोटभर अंतराने छत्तीस ओळी. त्यातल्या दोन तृतीयांश जरी आधी झाल्या असल्या तरी बारा ओळी राहिल्या आणि एका ओळीला दहा मिनिटे. सगळे मिळून दोन तास. भाचा चौथीत गेला म्हणून ते निरुपयोगी झाले असे मुळीच नाही. त्याला ते मांडीवर घेऊन बसायला द्या, किंवा घराण्यात पुढचे बाळ येईल तेव्हासाठी ठेवा. ठेवायचे असेल तर डांबराच्या गोळ्या मात्र घालू नका. त्या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे तान्ह्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी नावाचे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असते त्यांना हा धोका अधिक असतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवला तरी चालतो, आणि बाळासाठी बाहेर काढल्यावर ते दुपटे धुवून, कडक उन्हात वाळवूनच वापरा.

दुपट्याच्या कामाला सासूबाईंना बसवा. तुमच्या पत्रातले मला सगळ्यात मोलाचे वाटलेले वाक्य तेच आहे, की त्यांनी माहेरी पुष्कळ वाकळा शिवल्या आहेत. विकत छान मिळतात, असे त्या म्हणतात, त्यात नावड असेलच असे नाही. सून थकून येते आणि रात्री पुन्हा सुई धरते हे पाहून बोललेले ते वाक्य असू शकते, किंवा ‘मला कोणी विचारले नाही’ हेही असू शकते. त्यांना मदत मागू नका, शिकवा म्हणा. ‘आई, तुमच्याकडे कोपरा कसा वळवत होते?’ एवढेच विचारा आणि दुपटे त्यांच्या हातात द्या. त्यांचा टाका तुमच्यापेक्षा लांब पडेल, ओळ थोडी वाकडी जाईल. ते रात्री गुपचूप उसवू नका. जुन्या गोधड्या पाहिल्यात तर एकाच गोधडीत तीन तीन हात ओळखू येतात.

मुलीकडे सुया ओवण्याचे काम सोपवा. रविवारी सकाळी दहा सुया ओवून, दोरा दीड हाताहून लांब न ठेवता, गादीत खोचून ठेवायच्या. आठवडाभर तुम्हाला चाळिशी शोधत सुईच्या नेढ्याशी झगडावे लागणार नाही. ज्या अर्ध्या तासात शिवायचे त्यातली सात-आठ मिनिटे सुई ओवण्यात आणि गुंता सोडवण्यात गेली की माणूस कंटाळतो आणि मग उद्या बसत नाही. मुलगा आणि यजमान यांच्याकडे गच्चीवरचे काम द्या: एका रविवारी सकाळी सोसायटीच्या गच्चीवर चटया अंथरून चौघांनी चार कोपरे धरले, तर आईच्या गोधडीचे सैल पडलेले थर तासाभरात पुन्हा ताणून टाचून होतात. सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, म्हणजे गच्चीच्या किल्लीवरून वाद नको.

एका वेळी एकच काम उघडे ठेवा, आणि ते माळ्यावर ठेवू नका. हे मी स्वतःचे नुकसान करून शिकले आहे. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत राहत असताना मी एक जवळजवळ पूर्ण झालेली इरकलीची गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर टाकली होती. एका पावसाळ्यात भिंतीतून ओल उतरली. पिशवीत पाणी शिरले नव्हते, पण आतला दमटपणा बाहेर जायलाही वाट नव्हती. ऑक्टोबरात उघडली तेव्हा घडीच्या रेषांवर काळी बुरशी धरली होती आणि जिथे बुरशी होती तिथे कापड बोटाने फाटत होते. चुलीत घालण्याच्याही लायकीची ती उरली नव्हती. तेव्हापासून माझे चालू काम उशीच्या जुन्या सुती अभ्र्यात असते आणि तो अभ्रा टीव्हीशेजारच्या खुर्चीवर असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसते, थोडा पसारा वाटतो, पण ज्या वस्तूला हात लागतो तीच पूर्ण होते.

दुपटे झाले की लगेच आईची गोधडी घ्या. ती सगळ्यात शेवटी, सवडीने, मन तयार झाल्यावर, असे तुम्ही ठरवले असणार, असा माझा अंदाज आहे. तसे करू नका. मन थांबेल, कापड थांबणार नाही. सुती लुगडे घडीत राहिले की घडीच्या रेषेवर विरते. गोधडी उघडून आधी सकाळच्या उन्हात दोन्ही बाजूंनी तास-दोन तास ठेवा. बुरशीची पांढुरकी भुकटी दिसली तर घराबाहेर कोरड्या ब्रशने झटका. या अवस्थेत धुवायची घाई नको, कारण सुटे थर पाण्यात गोळा होतात. पूर्ण झाल्यावरच धुवा. मग न शिवलेला भाग खिडकीशी धरा. जिथे उजेडाची बारीक रेघ दिसेल तिथे कापड विरले आहे असे समजा. दोन अंगठ्यांमध्ये हलके ताणून पाहा. चर्रकन आवाज आला तर त्या जागी ठिगळ लावावे लागेल. ठिगळ जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाचेच हवे. नवे कोरे ठिगळ पहिल्या धुण्यात आटेल आणि भोवतीचे विरलेले लुगडे ओढून फाडेल. दोन लुगड्यांतून उरलेल्या पट्ट्या आईने कुठेतरी त्याच गाठोड्यात गुंडाळून ठेवल्या असतील, त्या शोधा. काठाच्या जरीवर ओळ घालू नका, जर दोऱ्याला कापते; तो काठ कडेला सोडून द्या.

दोऱ्याच्या रंगासाठी आईच्या ओळीचा फोटो काढून मॅचिंग सेंटरमध्ये जाऊ नका, फोनवर रंग बदलतो. गोधडीचा कोपराच पिशवीत घालून न्या आणि दुकानाच्या दिव्याखाली न बघता बाहेर रस्त्यावर येऊन दोरा लावून पाहा. अठ्ठेचाळीस ओळींचा दोरा ११०-१२० मीटर लागेल. एकाच वेळी घ्या, पुन्हा गेलात की तीच छटा मिळत नाही. तरीही रंग तंतोतंत जुळला नाही तर जुळवायच्या मागे लागू नका. आठ वर्षांत आईचा दोराही थोडा उतरला असणारच. कुठे आईचा हात संपतो आणि कुठे तुमचा लागतो, हे गोधडीवर दिसले तर मला तरी त्यात काही उणे वाटत नाही. आईचे टाके मोठे आहेत की बारीक, ते पाहून तसेच घालायचा प्रयत्नही नको; तिसऱ्या ओळीला हात आपल्या वळणावर जाईलच.

राहिली ती सुई. आठ वर्षांत ती गंजली असेल आणि कापडाला चिकटली असेल. ओढू नका, ओढलीत तर भोक मोठे होईल. सुईवर आणि तिच्या भोवतीच्या कापडावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका, पाच-दहा मिनिटे थांबा आणि मग चिमट्याने हलके फिरवत पुढच्या बाजूला काढा. मागे खेचायची नाही. नंतर तेवढीच जागा ओल्या फडक्याने पुसून घ्या. तिच्या नेढ्यात आईचा दोरा असेल. तो कापू नका. सुई तेवढी सोडवून घ्या आणि दोऱ्याचे टोक सोडून द्या. ते वीतभर असेल तरी पुरे. तुमच्या सुईत नवा दोरा ओवा, आईच्या शेवटच्या टाक्याच्या तीन टाके मागे, तिच्याच भोकांतून सुई वर काढा, तिच्या टाक्यांवरून तुमचे तीन टाके घ्या आणि तिच्या दोऱ्याचे सुटे टोक दोन थरांच्या मधे सरकवून त्यावरून पुढे ओळ न्या. गाठ मारायची गरज पडणार नाही.